मराठी कादंबरीतील पहिले प्रेम : वय, नाव आणि बोली

कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जाणारा रस्ता आंबा घाटाने कोकणात उतरतो. घाट लागण्यापूर्वी त्या रस्त्यावर मलकापूर हे गाव लागते. कऱ्हाडजवळचे व बुलढाणा जिल्ह्यातले अशी याच नावाची दुसरी गावे आहेत. प्रस्तुत निबंधातील मलकापूर हे कोल्हापूर जिल्ह्याच्या शाहूवाडी तालुक्यातील होय. विशाळगडच्या पंतप्रतिनिधींच्या जहागिरीचे हे मुख्य ठाणे. जहागीर कोल्हापूर संस्थानाच्या अधीन होती, आणि १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. डोंगर, पाऊस, बाजार, जहागिरीचा कारभार आणि भोवतालची शेतकऱ्यांची वस्ती असा या गावाचा साधा संसार.

मराठी कादंबरीच्या इतिहासात मलकापूरचे नाव सहसा येत नाही. तथापि त्या इतिहासातील एका प्रश्नाचा विचार पुण्या-मुंबईतून न करता अशा एखाद्या गावातून केला, तर तो अधिक स्पष्ट दिसतो. तो प्रश्न असा : घराच्या चार भिंतींत वाढलेल्या मुलीचे पहिले प्रेम मराठी कादंबरीत केव्हा आले, आणि ते आले तेव्हा कोणाच्या भाषेत आले? पाश्चात्त्य वाङ्मयात कुमारवयातील पहिल्या प्रेमाची कथा हा एक रुळलेला प्रकार आहे. निवाऱ्यात वाढलेली मुलगी, तिला प्रथमच भेटलेला मुलगा, आणि त्या भेटीने उघडणारे जग ही त्याची नित्याची सामग्री. मराठीत ही सामग्री एकत्र यायला शतकाहून अधिक काळ लागला, आणि अजूनही ती पूर्णपणे एकत्र आली आहे असे म्हणता येत नाही. याचे कारण भावनेच्या अभावात शोधणे चुकीचे ठरेल. ते वयाच्या, नावाच्या आणि व्याकरणाच्या इतिहासात आहे.

१

मराठी मुलखात तरुण मुलीच्या प्रेमाला शब्द नव्हते, असा समज कोणी करून घेऊ नये. हाल सातवाहनाच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ महाराष्ट्री प्राकृतात आहे, आणि तिच्यातील कितीतरी गाथा ग्रामीण स्त्रियांच्या तोंडी घातलेल्या आहेत. स. आ. जोगळेकर यांनी १९५६ साली ती सविस्तर विवेचनासह मराठी वाचकांसमोर ठेवली, तेव्हा शेत, नदीकाठ, पाऊस आणि पाळत ठेवणारी वडीलधारी माणसे यांनी भरलेले ते जग अनेकांना ओळखीचे वाटले. भाषेच्या अभ्यासकाला त्यात विशेष जाणवते ती संबोधने : ‘मामि’, ‘अत्ता’, ‘सहि’. मुलगी आपले मन मामीला, आतेला किंवा सासूला, सखीला सांगते. ज्याच्याविषयी सांगायचे, तो बहुधा संभाषणात हजर नसतो, आणि असला तरी त्याचे नाव येत नाही.

पुढील काळात ही रीत टिकून राहिली. जात्यावरच्या ओवीत स्त्री आईशी, भावाशी, देवाशी आणि लेकीशी बोलते. पतीचा उल्लेख आलाच तर नात्याच्या शब्दाने येतो. शृंगाराला मोकळीक होती ती लावणीत. राम जोशी, होनाजी, प्रभाकर यांच्या लावण्यांत स्त्रीचे विरह आणि ओढ स्त्रीच्याच तोंडून व्यक्त होतात. परंतु रचणारा पुरुष, आणि ऐकणारा फड बहुधा पुरुषांचा. माजघरातील मुलीची ती भाषा नव्हे. माजघरात तिच्या हाती होता तो उखाणा. पतीचे नाव घ्यायचे नाही हा नियम, आणि सणासमारंभात ते यमकात गुंफून, लाजत, इतरांच्या आग्रहाने घ्यायचे ही त्या नियमाला दिलेली सवलत. नावाभोवती एवढी योजना करणाऱ्या समाजात प्रेमाची कबुली ही मूलतः नाव घेण्याची कृती असणार, हे उघड आहे.

२

मराठी कादंबरी जन्मली ती विवाहित मुलीला घेऊन. बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली प्रसिद्ध झाले. त्याची नायिका यमुना कथेच्या आरंभीच विवाहित आहे, आणि कथेचा विषय तिचे प्रेम नसून हिंदू विधवांची दैन्यावस्था हा आहे. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि त्यानंतर काही वर्षांनी आलेली नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ या अद्भुतरम्य कथा आहेत. अशा कथांत अनुरागाला वाव आहे, पण तो राजकन्येच्या महालात आणि कोणत्याही तालुक्यात न सापडणाऱ्या नगरांत. याचा अर्थ सरळ आहे. लेखकाला अविवाहित तरुणी हवी असेल, तर ती आपल्या गल्लीत मिळत नव्हती. आठव्या-दहाव्या वर्षी लग्न होणाऱ्या समाजात बालपण आणि संसार यांच्यामध्ये वर्षेच शिल्लक नव्हती. पहिल्या प्रेमाला माणसे होती, मन होते, काळ नव्हता.

ही वर्षे कशी निर्माण झाली, याचा आलेख कायद्याच्या तारखांत दिसतो. १८६० च्या दंडसंहितेने संमतीचे वय दहा ठरविले होते. १८९१ च्या कायद्याने ते बारा केले, आणि त्यावरून महाराष्ट्रात झालेला वाद सर्वश्रुत आहे. त्यापूर्वीच, १८८४ ते १८८८ या काळात, रखमाबाईंच्या खटल्याने एक निराळा प्रश्न उभा केला होता. अकराव्या वर्षी झालेले लग्न वयात आलेल्या स्त्रीने नाकारावे की नाही, हा तो प्रश्न. १९२९ साली संमत होऊन १ एप्रिल १९३० पासून अमलात आलेल्या शारदा कायद्याने मुलीचे किमान विवाहवय चौदा आणि मुलाचे अठरा केले. १९४९ च्या दुरुस्तीने मुलीचे वय पंधरा झाले, १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ते तसेच ठेवले, आणि १९७८ च्या दुरुस्तीने ते अठरा झाले. कायद्यांची अंमलबजावणी कितपत झाली हा वेगळा विषय आहे. पण प्रत्येक पायरीने त्या रिकाम्या जागेत काही वर्षे टाकली.

मलकापूरचा विचार करताना एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. ब्रिटिश हिंदुस्थानाचे कायदे संस्थानांना आपोआप लागू होत नसत. कोल्हापूर संस्थानाची वाट वेगळी होती. शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला, आणि १९१७ ते १९१९ या अवधीत विधवाविवाह, आंतरजातीय विवाह, घटस्फोट व स्त्रियांचा छळ या विषयांवरील कायदे केले. त्यांपैकी विवाहविषयक कायद्यांचे महत्त्व सर्वमान्य आहे. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने शिक्षणाचा हुकूम अधिक दूरगामी म्हणावा लागेल, कारण मुलीच्या आयुष्यातील ती मधली वर्षे केवळ लांबवून भागत नाही. त्या वर्षांत ती घराबाहेर कोठेतरी बसली पाहिजे, तिचे नाव कोणीतरी हजेरीपटावर लिहिले पाहिजे. पुण्यात १८४८ साली फुल्यांनी काढलेली मुलींची शाळा आणि १८८४ साली निघालेली हुजूरपागा यांच्यापासून सुरू झालेली ही गोष्ट आहे, आणि तिचा कादंबरीशी असलेला संबंध पुढे स्पष्ट होईल.

३

बंदिस्त मुलीला स्वतःचा आवाज मराठीत प्रथम खऱ्या अर्थाने मिळाला तो हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ या कादंबरीत. १८९० साली सुरू झालेल्या ‘करमणूक’ पत्रात ती क्रमशः येऊ लागली. यमू स्वतःची हकीकत स्वतः सांगते. तिच्या बोलण्यात पुणेरी ब्राह्मण घरातील माजघर जसेच्या तसे उतरले आहे. बाहुल्या, भाऊ, आजी, सासर, टोमणे, धाक ही त्याची सामग्री. आणि लेखक पुरुष आहे हे वाचक पानोपानी विसरतो. मराठी गद्याच्या इतिहासात ही सामान्य घटना नव्हे.

यमूला प्रेम मिळते, पण ते लग्नानंतर मिळते. सासरच्या एकत्र कुटुंबातून पती तिला मुंबईस नेतो, वाचायला शिकवितो, तिच्याशी बरोबरीने बोलतो. दोघांची खरी ओळख होते ती या घरात. पहिल्या प्रेमाची सर्व लक्षणे येथे आहेत. फक्त ती विवाहाच्या मागून आली आहेत. आणि हा बहर अल्पकाळ टिकतो. पती वारतो, यमूचे बळजबरीने केशवपन होते, आणि कथा तिच्या मृत्यूकडे जाते. हरिभाऊंनी मुलीचे अंतःकरण खुले केले, पण प्रेमाला जागा दिली ती पतीच्या घरात, कारण त्यांच्या काळी दुसरी जागा नव्हती.

भाषेकडे पाहिले असता हेच दिसते. त्या काळच्या स्त्रियांच्या बोलण्यात पतीचा निर्देश ‘इकडून’, ‘इकडे’, ‘स्वारी’ अशा शब्दांनी होतो. ‘इकडून’ हे स्थलवाचक अव्यय आहे. बोलणारी स्त्री माणसाचा निर्देश न करता दिशेचा करते. व्याकरणाच्या दृष्टीने अशा वाक्यात कर्ता नसतो; क्रिया एका बाजूकडून घडते एवढेच कळते. हा केवळ शिष्टाचार म्हणून सोडून देता येत नाही. ज्या मुलीला पतीचे नाव घेता येत नाही, तिला त्याच्याविषयीची भावनाही नामाशिवाय सांगावी लागते. यमूच्या कथनाची हृद्यता पुष्कळ अंशी या अडचणीतून आली आहे.

‘पण लक्षात कोण घेतो’ संपत असतानाच ‘करमणुकी’त ‘मी’ ही कादंबरी सुरू झाली. तीत शिकलेली सुंदरी आणि देशसेवेचे व्रत घेतलेला भावानंद यांच्यामधील प्रेम विवाहापूर्वीचे आहे, आणि म्हणूनच बहुधा ते त्यागात विरते. कादंबरीकाराला विवाहपूर्व प्रेम दिसू लागले होते; त्याचे काय करावे हे अद्याप ठरत नव्हते.

४

पुढच्या पिढीत ते ठरले. प्रा. ना. सी. फडके यांच्या ‘जादूगार’ (१९२८) आणि ‘दौलत’ (१९२९) या कादंबऱ्यांनी प्रणय हा मराठी कादंबरीचा उघड आणि पुरेसा विषय केला. फडके दीर्घकाळ कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवीत होते. १९३८ पासून वि. स. खांडेकरही शिरोड्याहून कोल्हापुरात येऊन राहिले. कलेसाठी कला की जीवनासाठी कला या वादात ज्या दोन नावांचा जप होई, ती दोन्ही अशा रीतीने एका शहरात नांदली. मलकापूरहून ते शहर पन्नास किलोमीटरच्या आत आहे. १८५० पासून चाललेले करवीर नगर वाचन मंदिरही तेथेच आहे. जिल्ह्यातील गावोगावच्या वाचकांना ही दोन नावे परकी नव्हती.

फडक्यांच्या कादंबरीतील तरुण-तरुणी शिकलेली आहेत. त्यांची भेट महाविद्यालयात, सहलीत, टेनिसच्या मैदानावर, मित्राच्या बैठकीत होते. म्हणजे ती मधली वर्षे आता अस्तित्वात आली आहेत आणि त्यांना घराबाहेरची जागाही मिळाली आहे. दोघांच्या बोलण्यातील संबोधनाचा प्रवास या कादंबऱ्यांत कथानकाइतकाच महत्त्वाचा असतो. आरंभी ‘आपण’ किंवा ‘तुम्ही’ असते, आणि ते एकेरीवर येते त्या क्षणी वाचक समजतो की काहीतरी घडले. मराठीत सर्वनामाची ही तीन पायऱ्यांची व्यवस्था पूर्वीपासूनच होती. अविवाहित तरुण-तरुणींनी ती आपसांत चढावी-उतरावी, ही गोष्ट नवी होती.

याच काळात क्रियापदांतही बदल झाला. जुन्या बोलीत प्रेमाचे शब्द पुष्कळ आहेत : माया, लोभ, ओढ, प्रीत, जीव लागणे, जीव जडणे, मन बसणे. यांपैकी बहुतेक प्रयोगांत प्रेम ही करण्याची गोष्ट नसून होण्याची गोष्ट आहे. जीव आपोआप जडतो. माणूस त्याला कारण नसतो. ‘प्रेम करणे’ हा सकर्मक धाटणीचा प्रयोग इंग्रजीच्या सहवासात बळावला, आणि ‘प्रेमात पडणे’ तर इंग्रजी वळणाचाच म्हणून ओळखला जातो. हे प्रयोग कादंबरीने घरोघर पोचविले. त्यांना परके म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. ‘जीव जडला’ म्हणणारी मुलगी आपल्या मनाची साक्षीदार असते. ‘मी प्रेम करते’ म्हणणारी मुलगी त्याची जबाबदारी घेते. दोन्हींमध्ये अंतर आहे, आणि ते सामाजिकही आहे.

मात्र फडक्यांच्या पद्धतीच्या कादंबरीला एक मर्यादा आहे. बहुतेक ठिकाणी कथन तृतीयपुरुषी असते, आणि नायिकेकडे पाहणारी दृष्टी नायकाची किंवा लेखकाची असते. तिचा पदर, तिचे हसणे, तिचा रुसवा यांची वर्णने तपशीलवार येतात. तिच्या बाजूने जग कसे दिसते हे क्वचितच येते. हरिभाऊंच्या यमूला आवाज होता आणि विवाहपूर्व प्रेम नव्हते. फडक्यांच्या नायिकेला प्रेम आहे आणि स्वतःचा आवाज नाही. या दोन अर्ध्यांची सांधेजोड हाच पुढचा प्रश्न ठरतो.

५

ती करण्याचा सर्वांत धाडसी प्रयत्न १९३३ साली झाला. ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने आला आणि महाराष्ट्रभर खळबळ उडाली. शिकलेल्या, मिळवत्या, लग्न लांबलेल्या मुली या कथांतून बोलतात. आईबापांच्या घरात त्यांना आदर आहे, कधी त्यांच्या पगाराची गरजही आहे. त्यांच्या मनातील ओढीला मात्र वाट नाही. कायद्याने आणि शिक्षणाने दिलेली ती मधली वर्षे येथे प्रथमच मुलीच्या बाजूने मोजली गेली, आणि ती लांबच लांब भरली. ‘हिंदोळ्यावर’ (१९३४) या कादंबरीत लेखिका परित्यक्ता स्त्रीच्या जीवनाकडे वळली.

या लेखनाची कर्ती बाळूताई खरे, म्हणजे पुढील काळातील मालती बेडेकर. ती स्वतः शिक्षिका होती. लेखिका कोण याविषयी त्या वेळी अनेक तर्क लढविले गेले. येथे पुन्हा नावाचाच प्रश्न आडवा येतो हे लक्षणीय आहे. पतीचे नाव न घेणाऱ्या स्त्रीची नात मनातले सारे लिहू लागली, परंतु त्याखाली स्वतःचे नाव घालू शकली नाही. बंधन सुटले नाही. ते पहिल्या पानावरून मुखपृष्ठावर गेले, एवढेच.

याच दशकात दुसऱ्याही दिशेने नावाची कोंडी फुटत होती. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राचे भाग १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाले. बालवयात लग्न झालेली ही स्त्री आपल्या पतीला सबंध ग्रंथात ‘टिळक’ म्हणते. नाव नाही, ‘इकडून’ही नाही, आडनाव. आडनाव हे सार्वजनिक जगाचे, कचेरीचे, शाळेचे नाव आहे. घरातील निषेध न मोडता माणसाचा स्पष्ट निर्देश करण्याची सोय त्याने करून दिली. वामन मल्हार जोशी यांनी तर आपल्या पत्ररूप कादंबरीला दोन मैत्रिणींची पूर्ण नावेच शीर्षक म्हणून दिली : ‘इंदू काळे व सरला भोळे’. हजेरीपटावर असतात तशी ही नावे आहेत. मुलगी ‘अमक्याची मुलगी’ किंवा ‘तमक्याची बायको’ न राहता नाव-आडनावासह उभी राहिली, ही शाळेची देणगी होय.

६

आडनावाची ही गोष्ट जवळजवळ सत्तर वर्षांनी एका निराळ्याच कादंबरीत पुन्हा भेटते. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ २००४ साली प्रसिद्ध झाली. मराठीतील कुमारवयीन पहिल्या प्रेमाची कादंबरी म्हणून आज प्रथम तिचेच नाव घेतले जाते, आणि तिच्यावरील चित्रपटही गाजला. काळ आणीबाणीचा, नायक नववीतला मुकुंद जोशी. त्याचे मन जिच्यावर बसले आहे, ती त्याच्या कथनात ‘शिरोडकर’ आहे. मुलांच्या आपसांतील बोलीत प्रेमाला ‘लाईन’ हा शब्द आहे. तो उघडपणे उच्चारता येतो, कारण तो अर्धा थट्टेचा आहे. त्या शब्दाच्या आड मुलगा आपली खरी ओढ लपवितो, आणि मुलीला हजेरीपटावरच्या नावाने संबोधून तिच्यापासून सुरक्षित अंतर राखतो.

यमूच्या ‘इकडून’पासून जोशीच्या ‘शिरोडकर’पर्यंत एकशेदहाहून अधिक वर्षांचे अंतर आहे. मधल्या काळात लग्नाचे वय वाढले, एकत्र शाळा आल्या, संस्थाने गेली. तरीही दोन्ही ठिकाणी ज्याच्यावर जीव आहे त्याचे घरगुती नाव तोंडात येत नाही. निषेध पूर्वी घराने घातला होता. आता तो शाळेच्या शिष्टाचाराने आणि मुलांच्या स्वतःच्या संकोचाने चालविला आहे. पहिल्या प्रेमाची ही मराठी खूण म्हणावी लागेल. कथेच्या अखेरीस दोघांची ताटातूट होते, आणि जे सांगायचे होते त्यातील बरेचसे न सांगितलेलेच राहते.

‘शाळा’चे यश निर्विवाद आहे. पण तिच्यातही बोलणारा मुलगा आहे. शिरोडकर हुशार आहे, धीट आहे, वाचकाच्या मनात राहते. तिच्या घराच्या भिंतींच्या आत, तिच्या बाजूने, कथन जात नाही. म्हणजे मराठी कादंबरीने एका शतकाच्या अखेरीस बंदिस्त मुलीला आवाज दिला, आणि दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला पहिल्या प्रेमाला शाळेचा वर्ग दिला. बंदिस्त मुलीने आपल्या पहिल्या प्रेमाविषयी आपल्याच तोंडाने बोलावे, ही जागा तिने बहुतांशी मोकळी ठेवली.

७

ही जागा मोकळी राहण्याचे एक कारण भाषिक आहे, आणि ते पाहण्यासाठी मलकापुरास परत यावे लागते. प्रमाण मराठीत स्त्री ‘मी जाते’, ‘मी आले’ म्हणते. कोल्हापूर परिसरात मुली व स्त्रिया घरगुती बोलण्यात ‘मी जातो’, ‘मी आलो’ म्हणतात, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. बाहेरच्या माणसाला त्याची गंमत वाटते आणि शिक्षक ते ‘सुधारतात’. शेजारच्या कानडीत प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंगभेद नाही, या साम्याकडे लक्ष जाणे स्वाभाविक आहे. पण हा प्रयोग कानडीच्या प्रभावाने आला की स्वतंत्रपणे, हा निराळ्या निबंधाचा विषय होय. प्रस्तुत संदर्भात महत्त्वाचे हे की या बोलीत ‘मी’ म्हणताना मुलगी क्रियापदातून आपले मुलगीपण जाहीर करीत नाही.

आता अशी मुलगी कादंबरी वाचते असे समजा. यमूपासून कालपरवाच्या नायिकेपर्यंत सर्व जणी ‘मी करते’, ‘मी गेले’ अशा रूपांत बोलतात. आपल्यासारखीच घरात जपलेली, आपल्याच वयाची मुलगी पुस्तकात आपले मन उघडे करते. पण तिचे ‘मी’ आपल्या ‘मी’सारखे नाही. वाचणाऱ्या मुलीला दोन पायऱ्या चढाव्या लागतात : प्रेमाची कबुली, आणि ती देण्यासाठी दुसऱ्या गावाचे व्याकरण. ‘मी त्याच्यावर प्रेम करते’ हे वाक्य तिच्या दृष्टीने दोन्ही अर्थांनी पुस्तकी आहे. तिने ते म्हटले, तर तिच्या मैत्रिणी हसतील त्या प्रेमाला की ‘करते’ला, हे सांगणे कठीण.

तिच्या बोलीत प्रेमाची वाट वेगळी आहे. मराठीत अनुभवाची क्रियापदे कर्त्याला चतुर्थीत ठेवतात : मला दिसला, मला भेटला, मला आवडला, मला आठवला. येथे क्रियापद त्याच्या लिंगाप्रमाणे चालते. ‘मला’ या रूपात बोलणारीचे लिंग नाही, तिचा पुढाकारही नाही. ‘मी त्याला बघितला’ आणि ‘मला तो दिसला’ या दोहोंत पहिले वाक्य घरी सांगता येत नाही, दुसरे येते. ज्या मुलीवर पाळत आहे, तिला ‘दिसणे’ हे क्रियापद फार उपयोगी पडते. ‘मला तो आवडतो’ हे वाक्य पुण्यात आणि मलकापुरात अक्षरशः एकच आहे. त्याला वर्गातील दुरुस्तीची भीती नाही, त्यात परके वळण नाही, आणि सांगायचे ते सर्व त्यात आहे. संकोचाच्या जगात राहणाऱ्या स्त्रियांनी शतकानुशतके मनातले सांगण्यासाठी जे व्याकरण वापरले, ते हेच. कादंबरीने ‘प्रेम करणे’ रूढ करताना या व्याकरणाची क्षमता पुरेशी ओळखली नाही असे म्हणावेसे वाटते.

बोलीतील मुलगी प्रेमकथेची नायिका होऊ शकते का, या प्रश्नाचे उत्तर अलीकडे कादंबरीऐवजी चित्रपटाने दिले. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २०१६ साली आला. त्यातील आर्ची सोलापूर जिल्ह्यातील करमाळा भागाची बोली बोलते, आणि विशेष म्हणजे ती मुलाला त्याच्या नावाने, ‘परश्या’ म्हणून, सर्वांदेखत हाक मारते. गाथेतील मुलगी मामीला सांगत होती. यमू दिशेचा निर्देश करीत होती. जोशी आडनावाच्या आड उभा होता. येथे मुलगीच नाव घेते. त्याची किंमत तिला आणि त्याला जातीच्या अभिमानापायी प्राण देऊन चुकवावी लागते, हे त्या कथेचे सत्य आहे. नाव घेणे ही आपल्या समाजात अजूनही क्षुल्लक बाब नाही.

८

वरील विवेचनाचे तात्पर्य थोडक्यात असे. मराठी कादंबरीतील पहिल्या प्रेमाचा इतिहास हा तीन गोष्टींच्या उपलब्धतेचा इतिहास आहे. प्रथम वर्षे मिळाली. ती कायद्यांनी, आणि कोल्हापूर भागात मुख्यतः शाळेने दिली. मग नाव मिळाले. ते हजेरीपटाने दिले, आणि म्हणून ते बराच काळ आडनावाच्या रूपात राहिले. तिसरी गोष्ट बोली. ती अद्याप पुरती मिळालेली नाही. पहिल्या दोन गोष्टी समाजाने आणि सरकारने द्यायच्या होत्या. तिसरी लेखकाच्या, आणि काही अंशी शिक्षकाच्या हातातली आहे.

संशोधनाच्या दृष्टीने यातून एक सरळ काम निघते. शाहूवाडी तालुक्यासारख्या भागात स्त्रियांच्या प्रथमपुरुषी कथनांचे पद्धतशीर संकलन व्हावयास हवे : ओव्या आणि उखाणे यांच्याइतक्याच आस्थेने आठवणी, शाळेच्या गोष्टी आणि मैत्रिणींमधील संभाषणे यांचे. ते करताना ‘मी जातो’चे ‘मी जाते’ करण्याचा मोह संकलकाने टाळला पाहिजे. ज्या मुलीचे ‘मी’ वर्गात दर वेळी दुरुस्त केले जाते, ती आपल्या मनाची गोष्ट लिहावयास बसेल तेव्हा पहिल्याच शब्दाशी अडखळेल. मलकापूरच्या एखाद्या मुलीने आपल्या पहिल्या प्रेमाची कादंबरी लिहिली, तर तिच्या पहिल्या वाक्यातील क्रियापद कोणते असावे, हे ठरविण्याचा अधिकार तिचा आहे.